मागणीनुसार घडवलेल्या जपानी तलवारींचा लघुव्यवसाय : मर्यादा हेच भांडवल

जपानमधील परवानाधारक लोहाराला एका महिन्यात दोन लांब तलवारी किंवा तीन आखूड तलवारी एवढेच उत्पादन करता येते, आणि मागणीनुसार घडवलेल्या जपानी तलवारींचा व्यवसाय समजून घेताना सुरुवात या अटीपासूनच करावी लागते. इतर बहुतेक व्यवसायांत मागणी वाढली की उत्पादन वाढवण्याचा विचार होतो. येथे मात्र उत्पादनाची कमाल मर्यादा शासकीय नियमाने आखलेली आहे, कच्चा माल वर्षातील ठरावीक काळातच तयार होतो आणि एका तलवारीवर काम करणारे कारागीर बहुधा वेगवेगळ्या गावी आपापल्या कार्यशाळांत बसलेले असतात. त्यामुळे ग्राहक आणि कारागीर यांच्यामध्ये उभा असलेला लहान व्यावसायिक हा मालाचा साठा करून विकणारा दुकानदार राहत नाही, तर अनेकांचे काम, वेळ आणि पैसा यांचा मेळ घालणारा मध्यस्थ ठरतो. या मर्यादा ओझे न मानता ज्याने आपल्या किमती, मुदती आणि आश्वासने त्यांच्याशी जुळवून घेतली, त्याचाच व्यवसाय टिकतो. प्रस्तुत लेखात या व्यवसायाची घडी कशी बसवावी, याचा टप्प्याटप्प्याने विचार केला आहे.

वस्तूची नेमकी ओळख

व्यवसाय सुरू करण्यापूर्वी आपण नेमके काय विकणार आहोत, हे ठरवणे आवश्यक आहे, कारण ‘जपानी तलवार’ या नावाखाली तीन अगदी भिन्न वस्तू बाजारात येतात. पहिली वस्तू म्हणजे ‘निहोंतो’, अर्थात परवानाधारक लोहाराने पारंपरिक पोलादापासून हाताने घडवलेली आणि शासनदरबारी नोंदलेली तलवार. दुसरी म्हणजे ‘इआइतो’, अर्थात तलवार म्यानातून उपसण्याच्या ‘इआइदो’ या विद्येच्या सरावासाठी जस्त व ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूतून ओतलेली, धार न लावता येणारी तलवार. तिसरी म्हणजे जपानबाहेर, विशेषतः चीनच्या झेजियांग प्रांतातील लोंगच्वान येथे, कारखान्यात मिळणाऱ्या कार्बन पोलादापासून जपानी घाटाची बनवलेली तलवार. पहिल्या दोन्ही वस्तू जपानमध्ये वैधपणे विकता येतात. तिसरी मात्र पारंपरिक कलावस्तूच्या निकषात बसत नसल्याने तिची तेथे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीविना पोलादी तलवार बाळगणे जपानमध्ये गुन्हा ठरतो. प्रस्तुत विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे.

निहोंतोचे वर्गीकरण पात्याच्या लांबीवरून होते आणि ती लांबी ‘शाकु’ या एककात मोजली जाते. एक शाकु म्हणजे ३०.३ सेंटीमीटर, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे एक ‘सुन’. दोन शाकु, म्हणजे ६०.६ सेंटीमीटर, किंवा त्याहून लांब असलेली व धार वर करून कमरेला खोवली जाणारी तलवार ‘कताना’ होय, तर त्याच लांबीची पण धार खाली ठेवून लटकवली जाणारी, अधिक जुन्या घाटाची तलवार ‘ताची’ म्हणून ओळखली जाते. एक ते दोन शाकु लांबीची तलवार ‘वाकिझाशी’ आणि एक शाकुपेक्षा आखूड असलेले शस्त्र ‘तांतो’ होय. उत्पादनाची मासिक मर्यादा, शिकलीचा दर आणि परदेशातील कायदे या तिन्हींचा संबंध लांबीशी असल्यामुळे हे वर्गीकरण व्यावसायिकाला तोंडपाठ असले पाहिजे.

पोलादाचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. निहोंतोसाठी लागणारे ‘तामाहागाने’ हे पोलाद ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत लोहयुक्त वाळू आणि लोणारी कोळसा यांपासून तयार होते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या जपानी कला-तलवार जतन संस्थेने शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे १९७७ मध्ये अशी भट्टी पुन्हा सुरू केली असून ती हिवाळ्यात पेटवली जाते. एकेक भट्टी तीन दिवस व तीन रात्री अखंड चालते, तिच्यात सुमारे दहा टन लोहवाळू आणि जवळपास तितकाच कोळसा खर्ची पडतो, आणि शेवटी मिळणाऱ्या दोन-अडीच टनांच्या गोळ्यातील काही भागच उत्तम प्रतीचा निघतो. हे पोलाद खुल्या बाजारातील माल नव्हे. ते संस्थेकडून लोहारांना पुरवले जाते. काही लोहार स्वतःही पोलाद गाळतात, आणि १९९७ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून सन्मानित झालेले आमाता आकित्सुगु त्यासाठी विशेष ओळखले जात. व्यावसायिकाने याचा अर्थ असा घ्यावा की, ऐनवेळी पैसे ओतून पुरवठा वाढवण्याची सोय येथे नाही, म्हणून मागण्यांचे नियोजन वर्षभर आधीच व्हायला हवे.

कायद्याची चौकट

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असलेल्या जपानमध्ये असंख्य तलवारी जप्त झाल्या, आणि ज्या वाचल्या त्या शस्त्र म्हणून नव्हे तर कलावस्तू म्हणून वाचल्या. १९५८ चा बंदूक व तलवार नियंत्रण कायदा हीच भूमिका पुढे चालवतो. या कायद्यानुसार कलामूल्य असलेल्या प्रत्येक तलवारीची नोंदणी त्या त्या प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे करावी लागते, आणि मिळणाऱ्या नोंदणीपत्रावर तलवारीचा प्रकार, लांबी, बाक, मुठीतील खिळ्यासाठी असलेल्या छिद्रांची संख्या व कोरलेला मजकूर यांची नोंद असते. हे पत्र मालकाच्या नावाचा परवाना नसून तलवारीची ओळख आहे. ते सदैव तलवारीसोबतच राहावे लागते, आणि तलवार हस्तांतरित झाल्यावर नव्या मालकाने वीस दिवसांच्या आत संबंधित मंडळाला कळवणे बंधनकारक असते. व्यावसायिकाने प्रत्येक विक्रीबरोबर हा कळवण्याचा अर्ज भरून ग्राहकाच्या हाती द्यावा, कारण ही मुदत विसरणाऱ्या ग्राहकामुळे पुढच्या काळात तलवारीच्या मालकीचा माग लागत नाही.

तलवार घडवणाऱ्या लोहाराला जपानी परिभाषेत ‘तोशो’ म्हणतात. परवानाधारक तोशोच्या हाताखाली किमान पाच वर्षे उमेदवारी करून, त्यानंतर शासनाच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाने घेतलेले आठ दिवसांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच तोशो म्हणून स्वतंत्र काम करता येते. ज्याच्याकडे मागणी नोंदवायची, त्याची परवानगी चालू आहे याची खातरजमा करणे हे व्यावसायिकाचे पहिले कर्तव्य होय.

व्यावसायिकासाठी आणखी तीन बाबी निर्णायक आहेत. जुन्या तलवारींची खरेदी-विक्री किंवा विकलेली तलवार परत घेऊन पुन्हा विकणे हाही व्यवसायाचा भाग असेल, तर जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा परवाना स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत प्रांतिक सार्वजनिक सुरक्षा आयोगाकडून मिळवावा लागतो. दूरस्थ विक्री करणाऱ्याला विशिष्ट व्यापारी व्यवहारांच्या कायद्यानुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता, किंमत, वितरणाची मुदत आणि माल परत घेण्याच्या अटी स्पष्टपणे जाहीर कराव्या लागतात. परतीच्या अटी जाहीर केल्या नसतील, तर ग्राहकाला माल मिळाल्यापासून आठ दिवसांत तो परत करण्याची मुभा मिळते, आणि एका विशिष्ट व्यक्तीसाठी घडवलेल्या तलवारीच्या बाबतीत असा प्रसंग विक्रेत्याला फार महागात पडतो. तिसरी बाब कराची आहे : देशांतर्गत विक्रीवर दहा टक्के उपभोग कर लागतो, निर्यातीला मात्र त्यातून सूट मिळते, परंतु ती सूट निर्यातीची कागदपत्रे जपून ठेवल्यासच मान्य होते.

कारागिरांची साखळी

तोशोने पाते घडवले म्हणजे तलवार तयार झाली, असा ग्राहकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यानंतर निदान चार-पाच स्वतंत्र कारागिरांचे हात तिला लागतात. ‘तोगिशी’, म्हणजे जपानी शिकलगार, वेगवेगळ्या पोताच्या नैसर्गिक व कृत्रिम दगडांवर पात्याला शिकल करतो. ‘शिरोगानेशी’ हा पात्याच्या मुळाशी बसणारी ‘हाबाकी’ नावाची धातूची पट्टी तांबे, चांदी किंवा सोन्याच्या पत्र्यापासून घडवतो. याच पट्टीमुळे तलवार म्यानात घट्ट बसते आणि पाते लाकडाला घासत नाही. ‘सायाशी’ हा मॅग्नोलियाच्या जातीतील ‘होओ’ या मऊ लाकडाचे म्यान कोरतो. ‘नुरिशी’ त्या म्यानावर लाखेचे थर चढवतो, तर ‘त्सुकामाकिशी’ मुठीवर पाकट माशाचे खरखरीत कातडे बसवून त्यावर रेशमी किंवा सुती फीत गुंडाळतो. हाताचे रक्षण करणारी ‘त्सुबा’ ही तबकडी आणि मुठीवरील लहान अलंकार हे धातुकाम करणाऱ्या आणखी एका कारागिराचे क्षेत्र होय.

या कामांचा क्रम ठरलेला असतो. प्राथमिक शिकल झाल्यावर हाबाकी बनते, हाबाकी बसल्यावर साधे लाकडी म्यान कोरले जाते आणि त्यानंतर शिकलगार पात्यावर अंतिम हात फिरवतो. लाख न लावलेल्या या साध्या म्यानाला ‘शिरासाया’ म्हणतात. त्याचे दोन अर्धे भाग भाताच्या चिकीने जोडलेले असल्याने आत गंज किंवा कचरा आढळल्यास ते उघडून साफ करता येतात, म्हणून पाते दीर्घकाळ जपण्यासाठी शिरासायाच योग्य मानला जातो. सरावासाठी किंवा प्रदर्शनासाठी लाखेचे म्यान, मूठ आणि त्सुबा यांचा पूर्ण साज हवा असेल तर त्याला ‘कोशिराए’ म्हणतात आणि त्यासाठी आणखी काही महिने लागू शकतात. एका कारागिराकडे झालेला उशीर पुढच्या प्रत्येकाचे वेळापत्रक बिघडवतो, म्हणून प्रत्येक टप्प्याची अपेक्षित सुरुवात, शेवट आणि मोबदला यांची एकच नोंदवही ठेवणे, तसेच पाते कोणत्या दिवशी कोणाच्या ताब्यात होते याची लेखी पोच घेणे, ही शिस्त पहिल्या मागणीपासून पाळावी.

कारागिरांशी वागताना मोबदल्याची घासाघीस टाळावी आणि ठरलेली रक्कम काम हाती पडताच द्यावी. ज्यांच्या वेळेची मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त आहे, ते कारागीर वेळेवर पैसे देणाऱ्याचे आणि अवास्तव घाई न करणाऱ्याचे काम आधी हाती घेतात, ही या व्यवसायातील स्पर्धेची खरी बाजू आहे.

मागणी कशी नोंदवावी

मागणीची पहिली बैठक किंवा पहिला पत्रव्यवहार हा विक्रीचा नव्हे तर चौकशीचा टप्पा मानावा. तलवार इआइदोच्या सरावासाठी हवी, गवताच्या गुंडाळ्या कापून पाहण्यासाठी हवी, संग्रहासाठी हवी की विवाह किंवा अपत्यजन्माच्या निमित्ताने ‘मामोरिगाताना’ म्हणजे रक्षणाचे प्रतीक असलेले लहान पाते भेट द्यायचे आहे, यावर पुढचे सर्व निर्णय अवलंबून असतात. सरावासाठीच्या तलवारीत लांबी, वजन आणि तोल यांना अग्रक्रम असतो. उंचीवरून लांबी ठरवण्याचे तक्ते प्रचलित असले, तरी ग्राहकाच्या गुरूचे मत लेखी घेणे अधिक सुरक्षित ठरते. संग्रहासाठीच्या तलवारीत घाट, पोलादाचा पोत आणि धारेजवळील नक्षी यांना महत्त्व येते.

मागणीपत्रकात पात्याची लांबी, बाक, मुळाशी व टोकाशी रुंदी, जाडी, वजन कमी करणारी खाच हवी की नको, मुठीतील भागावर कोरायचा मजकूर आणि साज यांची नोंद असावी. तोशो मुठीत लपणाऱ्या भागावर आपले नाव, गाव आणि घडणीचा महिना-वर्ष कोरतो. ग्राहकाची इच्छा असल्यास त्याच्यासाठी ही तलवार घडवली असा उल्लेखही तेथे करता येतो. हा मजकूर एकदा कोरला की मिटवता येत नाही, म्हणून नावाचे लेखन ग्राहकाकडून सहीनिशी मान्य करून घ्यावे.

शैलीचा विचार करताना जपानी परंपरेतील पाच प्रमुख घराण्यांची, म्हणजे यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो यांची, तोंडओळख व्यावसायिकाला हवी. बिझेन घराण्याच्या पद्धतीत धारेजवळची नक्षी लवंगेच्या कळ्यांसारखी फुललेली दिसते, तर सोशू पद्धतीत पोलादातील चमकदार कण ठळक असतात. प्रत्येक तोशो एखाद-दुसऱ्या पद्धतीत पारंगत असल्याने ग्राहकाच्या आवडीनुसार तोशो निवडावा. तोशोला त्याच्या हातात नसलेल्या शैलीत काम करण्याचा आग्रह धरू नये. पूर्वीच्या एखाद्या विख्यात तलवारीवरून नवी तलवार घडवण्याची ‘उत्सुशी’ ही प्रथा मान्यताप्राप्त आहे, मात्र त्यावर आजच्या तोशोचेच नाव असले पाहिजे. दिवंगत लोहाराच्या नावाने खोटी सही कोरणे ही फसवणूक होय.

२०१५ मध्ये आलेल्या ‘तोकेन रानबु’ या खेळानंतर आणि तलवारींभोवती फिरणाऱ्या लोकप्रिय चित्रकथांमुळे तरुण ग्राहकांचा ओघ वाढला आहे. हे ग्राहक अनेकदा काल्पनिक पात्राच्या हातातील रंगीत किंवा चमत्कारिक घाटाच्या तलवारीची मागणी करतात. असे पाते पारंपरिक कलावस्तूच्या निकषात बसत नाही आणि त्याच्या रेखाटनावर प्रकाशकाचा हक्कही असतो. अशा ग्राहकाला नकार देतानाच, त्या कथेमागे ज्या ऐतिहासिक तलवारींची परंपरा उभी आहे तिच्याकडे त्याला वळवता आले, तर त्यातून दीर्घकाळचा जाणकार ग्राहक घडू शकतो.

जे आश्वासन देऊ नये

मागणीपत्रक कितीही तपशीलवार असले, तरी निकालाचा काही भाग कोणाच्याही हाती नसतो, आणि तो कोणता हे ग्राहकाला पैसे घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे. पात्याला पाणी देण्यापूर्वी तोशो त्यावर मातीचा लेप देतो. धारेकडे तो पातळ आणि पाठीकडे जाड असतो. सुमारे ७५० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले पाते पाण्यात बुडवले की पातळ लेपाखालची धार झपाट्याने थंड होऊन कठीण होते आणि पाठ तुलनेने मऊ राहते. धारेकडील पोलाद कठीण होताना किंचित प्रसरण पावते, त्यामुळे पात्याला बाक येतो, आणि कठीण व मऊ भागांच्या सीमेवर ‘हामोन’ नावाची नक्षी उमटते. याच क्षणी धारेला तडा जाण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि असा तडा गेलेले पाते निकामी ठरते. म्हणून महत्त्वाच्या मागणीसाठी एकापेक्षा अधिक पाती घडवून त्यांतील सर्वोत्तम पाते ग्राहकाला देण्याची जुनी पद्धत आहे. हामोनचा सर्वसाधारण प्रकार ठरवता येतो, तिची रेषान्‌रेषा ठरवता येत नाही, हे वाक्य करारात असायलाच हवे.

किंमत, विसार आणि खेळते भांडवल

आजच्या तोशोने घडवलेल्या नव्या कतानाची किंमत सामान्यतः दहा लाख येनच्या आसपास सुरू होते आणि तोशोच्या लौकिकानुसार ती अनेक पटींनी वाढते. जतन संस्थेच्या वार्षिक स्पर्धेत सातत्याने वरचे पुरस्कार मिळवणाऱ्या कारागिराला परीक्षणातून मुक्त असा ‘मुकान्सा’ दर्जा मिळतो, आणि तो त्याच्या मोबदल्यातही दिसतो. व्यावसायिकाने ग्राहकाला एकच आकडा न सांगता पाते, शिकल, हाबाकी, शिरासाया, कोशिराए, कागदपत्रे, विमा, वाहतूक आणि स्वतःची सेवा असे घटक वेगवेगळे दाखवावेत. शिकलीचा दर परंपरेने पात्याच्या लांबीच्या प्रत्येक सुनामागे आकारला जातो, त्यामुळे लांबी दोन सुनांनी वाढली तर खर्च का वाढला, हे ग्राहकाला आपोआप कळते. स्वतःचा मोबदला लपवण्याचे काहीच कारण नाही. योग्य तोशोची निवड, भाषांतर, देखरेख, छायाचित्रे आणि कायदेशीर पूर्तता ही खरी कामे आहेत आणि त्यांची किंमत उघडपणे मागितल्यास विश्वास वाढतो.

रक्कम हप्त्यांत घेणे दोन्ही बाजूंना सोयीचे असते : मागणी निश्चित होताना विसार, पाते घडून नोंदणी झाल्यावर दुसरा हप्ता आणि पाठवणीपूर्वी उरलेली रक्कम. विसार परत मिळेल की नाही, आणि कोणत्या टप्प्यापर्यंत किती मिळेल, हे करारात नमूद असावे. येथे सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, ग्राहकांच्या आगाऊ रकमा स्वतंत्र खात्यात ठेवाव्यात आणि एका मागणीचा पैसा दुसऱ्या मागणीच्या खर्चासाठी कधीही वापरू नये. मुदती लांब असल्यामुळे खात्यात मोठी रक्कम दिसते आणि ती नफा असल्याचा भास होतो. नव्या विसारातून जुन्या मागण्या पूर्ण करण्याची सवय एकदा लागली की नव्या मागण्यांचा ओघ थोडा मंदावताच सारा व्यवसाय कोसळतो. दुकानाचे भाडे, प्रवास आणि स्वतःचा चरितार्थ यांसाठी वेगळे खेळते भांडवल हाताशी असेल तरच या व्यवसायात उतरावे. इआइतोची विक्री, देखभालीचे साहित्य आणि दुरुस्तीची मध्यस्थी यांतून येणारे लहान पण नियमित उत्पन्न या काळात मोठा आधार देते.

परदेशी ग्राहकांसाठी किंमत कोणत्या चलनात ठरली आणि विनिमय दरातील फरक कोणी सोसायचा, हेही आधीच ठरवावे, कारण वर्षभराच्या कालावधीत येनचे मूल्य लक्षणीय बदलू शकते.

मुदत आणि संवाद

शिरासायातील नव्या तलवारीला वर्षभर आणि पूर्ण साजासह त्याहून अधिक काळ लागू शकतो, असे गृहीत धरून मुदत ठरवावी. ग्राहकाला निश्चित तारीख न देता कालावधी द्यावा आणि त्या कालावधीत वार्षिक स्पर्धेपूर्वीची तोशोची व्यग्रता तसेच कारागिरांची आजारपणे यांसाठी मोकळीक ठेवावी. तोशो दीर्घकाळ काम करू शकला नाही किंवा त्याचे निधन झाले, तर काम ग्राहकाच्या लेखी संमतीनेच दुसऱ्याकडे सोपवले जाईल अथवा रक्कम परत केली जाईल, अशी तरतूद करारात हवी. दर महिन्याला, सांगण्यासारखे काही घडले नसले तरीही, ग्राहकाला कामाची स्थिती कळवावी. उशीर झाला म्हणून नाराज होणाऱ्या ग्राहकांपेक्षा उशीर लपवला म्हणून दुरावणारे ग्राहक अधिक असतात.

वर्णनातील सचोटी

तलवारींभोवती दंतकथांचे दाट जाळे आहे आणि विक्री वाढवण्यासाठी त्यांचा आधार घेण्याचा मोह होतो. तो टाळणे हा नीतीचा तसाच दूरदृष्टीचाही भाग आहे. पोलादाला घड्या घालण्याचेच उदाहरण घेता येईल. तोशो पोलादाला साधारणपणे दहा ते पंधरा वेळा घडी घालतो. दहा घड्यांत १,०२४ आणि पंधरा घड्यांत ३२,७६८ थर होतात, हे गणित आकर्षक असले, तरी घड्यांचा उद्देश पोलादातील मळी बाहेर काढणे आणि कर्बाचे प्रमाण सर्वत्र सारखे करणे हा आहे. आधुनिक भट्टीतले पोलाद मुळातच एकजीव असते, म्हणून घडी घातलेली तलवार इतर प्रत्येक पोलादापेक्षा बळकट असते, असा दावा करता येत नाही. निहोंतोचे मोल तिच्या घाटात, पोतात, हामोनच्या जिवंतपणात आणि तिच्यामागील परंपरेत आहे, आणि ते तसेच सांगितले पाहिजे.

जपानबाहेर कारखानी तलवारी मागणीनुसार सजवून विकणाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो. अशा तलवारींचा व्यवसाय जेथे कायदेशीर आहे तेथे तो सचोटीने करता येतो, परंतु घडणीचे ठिकाण, पोलादाचा प्रकार आणि हामोन खरोखर मातीचा लेप देऊन उमटली आहे की आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने वरवर काढली आहे, हे स्पष्ट लिहावे. लोंगच्वानमध्ये बनलेल्या तलवारीला निहोंतो म्हणणे हा ग्राहक आणि जपानी कारागीर, दोघांवरही अन्याय आहे.

निर्यात आणि परदेशी कायदे

जपानबाहेर तलवार पाठवण्यासाठी सांस्कृतिक व्यवहार विभागाकडून निर्यात-तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि नोंदणीपत्र परत करावे लागते. या प्रक्रियेला लागणारे काही आठवडे मुदतीत धरावेत. राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून घोषित झालेल्या तलवारींची निर्यात करता येत नाही, आणि जुन्या तलवारींच्या व्यवहारात हे आवर्जून तपासावे. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तलवारी ९३०७ या शीर्षकाखाली येतात. कागदपत्रांत खेळाचे साहित्य किंवा शोभेची वस्तू असे दिशाभूल करणारे वर्णन लिहिल्यास माल जप्त होतो आणि व्यावसायिकाची पत जाते.

गंतव्य देशाचा कायदा प्रत्येक मागणीच्या वेळी नव्याने तपासावा. इंग्लंड व वेल्समध्ये ५० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब बाकदार पात्याच्या तलवारींवर २००८ पासून बंदी आहे, मात्र १९५४ पूर्वीच्या किंवा पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना त्यातून वगळले आहे, त्यामुळे घडणीच्या पद्धतीचा लेखी पुरावा तेथे अत्यावश्यक ठरतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात तलवारी निषिद्ध शस्त्रांत मोडतात आणि ग्राहकाला सूट किंवा मान्यता असावी लागते. साजात हस्तिदंत किंवा कासवाचे कवच वापरू नये, कारण संकटग्रस्त प्राण्यांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांवर कडक निर्बंध आहेत. मुठीवरील कातडे कोणत्या जातीच्या पाकटाचे आहे, याचीही नोंद ठेवावी. अनेक वाहतूक कंपन्या शस्त्रे स्वीकारत नाहीत, म्हणून पाठवणीपूर्वी त्यांची लेखी संमती आणि पूर्ण किमतीचा विमा घ्यावा.

भारतातील ग्राहकांच्या संदर्भात १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू होतो. या अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत धारदार शस्त्रेही येतात आणि कलम १० नुसार शस्त्रांची आयात-निर्यात सर्वसाधारणपणे परवान्याशिवाय करता येत नाही. पुणे-मुंबईतील संग्राहक असो वा जपानमध्ये नोकरी करून परतणारा मराठी कुटुंबप्रमुख असो, त्याने परवाना अधिकारी आणि सीमाशुल्क विभाग यांच्याकडून लेखी स्पष्टता मिळवेपर्यंत व्यावसायिकाने विसार स्वीकारू नये. बोथट इआइतोच्या बाबतीतही आगाऊ विचारणा करणेच हिताचे, कारण विमानतळावर वस्तूच्या धारेपेक्षा तिचे रूप आधी डोळ्यांत भरते.

ग्राहकाची पारख

तलवार ही कलावस्तू असली तरी ती इजा करू शकते, याचा विसर पडू देऊ नये. ग्राहकाचे वय, ओळख आणि हेतू यांची नोंद करावी, सराव करणाऱ्याकडून त्याच्या गुरूचा किंवा संस्थेचा दाखला घ्यावा आणि ज्याच्या बोलण्यातून राग, सूड किंवा घाई जाणवते त्याला कारण न देता नकार द्यावा. मागणीनुसार घडवण्याला लागणारा दीर्घ काळ हेच एक उत्तम संरक्षण आहे. तयार तलवारीच्या विक्रीत मात्र ते नसते, म्हणून तेथे ही पारख अधिक काटेकोरपणे करावी लागते.

सुपूर्द केल्यानंतर

तलवार देताना तिच्यासोबत नोंदणीपत्र किंवा निर्यात-प्रमाणपत्र, तोशोचे स्वहस्ताक्षरातील प्रमाणपत्र, सर्व कारागिरांची नावे, मोजमापे आणि देखभालीची लेखी माहिती द्यावी. पात्याला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, कारण घामातील क्षारांनी काही दिवसांतच गंज धरतो. जुने तेल मऊ कागदाने पुसून, बारीक दगडाची पूड हलक्या हाताने लावून ती पुसावी आणि नंतर ‘चोजी’ या पारंपरिक तेलाचा अतिशय पातळ थर द्यावा. कोकण, मुंबई किंवा गोव्यासारख्या दमट हवेत पावसाळ्यात ही तपासणी अधिक वेळा करावी आणि पाते लाखेच्या म्यानापेक्षा शिरासायात ठेवावे. डाग पडल्यास घरी पॉलिश करण्याचा प्रयत्न करू नये. चुकीच्या घासण्याने पात्याची भूमिती बिघडते आणि ती पूर्ववत करण्यासाठी शिकलगाराला पोलाद झिजवावे लागते, म्हणजे प्रत्येक चुकीची दुरुस्ती तलवारीचे आयुष्य कमी करते. दुरुस्तीसाठी पाते पुन्हा जपानला पाठवण्याची सोय, तिचा खर्च आणि त्यासाठी लागणारी परवानगी यांचे मार्गदर्शन करणारा व्यावसायिक ग्राहकाच्या पुढच्या पिढीशीही जोडला जातो.

व्यवसायाची वाढ कशात मोजावी

वर्षाला विकलेल्या तलवारींची संख्या हे या व्यवसायाच्या यशाचे माप होऊ शकत नाही, कारण ती संख्या नियमाने, पोलादाने आणि मोजक्या हातांनी आधीच बांधलेली आहे. ठरल्या मुदतीत पूर्ण झालेल्या मागण्या, पुन्हा आलेले ग्राहक, काम सोडून न गेलेले कारागीर आणि प्रत्येक तलवारीमागील पूर्ण कागदपत्रे ही खरी मापे होत. जपानमधील कार्यरत तोशोंची संख्या घटत चालली आहे. उमेदवारीची वर्षे लांब आहेत आणि त्या काळात उत्पन्न जवळजवळ नसते, त्यामुळे तरुणांनी या मार्गाला यावे यासाठी त्यांना पुढे काम मिळण्याची खात्री लागते. जुन्या तलवारींच्या खरेदी-विक्रीतून ही खात्री निर्माण होत नाही. ती नव्या तलवारीची मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकातून आणि ती मागणी सचोटीने पार पाडणाऱ्या व्यावसायिकातून निर्माण होते. म्हणून ज्याला या क्षेत्रात उतरायचे आहे, त्याने पहिल्या वर्षी दोन-तीन मागण्याच घ्याव्यात, त्या निर्दोष पूर्ण कराव्यात आणि कारागिरांच्या क्षमतेइतकीच पुढची पावले टाकावीत. या संथ वाढीतच ग्राहकाचा पैसा, कारागिराचा मान आणि व्यावसायिकाचे नाव ही तिन्ही सुरक्षित राहतात.